नेच्याचे दहा भारे

कल्पना करा, तुम्ही पत्र्याच्या लहानशा होडीत गुडघे टेकून ओणवे बसला आहात. हातात बोटभर जाडीचा ओला दोर आहे. दोराच्या दुसऱ्या टोकाला, बारा मीटर खोल, सुक्या नेच्याचा एक भारा तळ्याच्या तळाशी पडलेला आहे. त्या भाऱ्यात कोउरा येऊन बसलेले असतात. कोउरा म्हणजे गोड्या पाण्यातली शेवंड. वीतभर लांब, काळपट हिरवी, पुढे दोन नांग्या. आता तुम्हाला तो भारा वर आणायचा आहे. हिसका देऊन ओढाल तर कोउरा दचकून मागच्या मागे निसटतील आणि हाती नुसता पाला येईल. फार हळू ओढाल तर त्यांना वरचा उजेड जाणवेल आणि तरीही ते निसटतील. दोन्हींच्या मधली एकच गती आहे आणि ती घड्याळ लावून शिकवता येत नाही. शिवाय भारा पाण्याबाहेर डोकं काढणार, त्याच्या एक श्वास आधी जाळीचं सूप त्याच्याखाली सरकवायचं. त्या वेळी दोर दातांत धरायचा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या सुपात दोन गोगलगायी आल्या.

"वा," कराराइना आंटी म्हणाल्या, "जेवणाची सोय झाली. एक तुला, एक मला."

आंटींचं वय तेव्हा एकाहत्तर होतं. रोटोआरुहे तळ्यावर भारे सोडणारं माणूस आता त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांच्या आईच्या, रिपेकाच्या काळात या काठावर सात घरांचे दोर होते आणि कुठला दोर कुणाचा हे लहान पोरंही सांगायची. मग घरं नेपियरला गेली, काही ऑस्ट्रेलियाला गेली. आंटी गेल्या नाहीत. एकोणीस वर्षं त्यांनी मेंढ्यांच्या मटणाच्या कारखान्यात सुरी चालवली. कारखाना बंद पडल्यावर शाळेची बस चालवली. दर वसंतात त्या डोंगरावर जाऊन नेचा कापायच्या, तो पाच दिवस उन्हात वाळवायच्या, आणि एकेका दोराला दोन-दोन असे दहा भारे बांधून तळाशी सोडायच्या. भाऱ्यात मासळीचा तुकडा नाही, आमिष नाही. कोउरा आत येतात ते नुसत्या आडोशासाठी.

"माणसासारखंच," त्या म्हणायच्या. "खायला कुठेही मिळतं. अंग चोरून बसायला जागा मिळत नाही."

आईच्या वेळी एका भाऱ्यात चाळीस यायचे. मी या तळ्यावर कामाला लागले त्या वर्षी दहा भाऱ्यांत मिळून बावीस आले. त्यातल्या पोटाशी अंडी असलेल्या माद्या आंटींनी परत सोडल्या. उरलेले मराएवर, म्हणजे आमच्या कुळाच्या सभाघरी, गेले. आमच्याकडे प्रत्येक मराए आपल्या एका पदार्थावर ओळखला जातो. पाहुणे आले की तो ताटात असलाच पाहिजे. किनाऱ्यावरच्या लोकांचे शिंपले, नदीवाल्यांचे वाळवलेले वाम मासे, आमचे कोउरा. पाहुणे खूप असले तर एकेकाच्या वाट्याला अर्धा येईना का, पण ताटात हवा. आंटींच्या सगळ्या खटाटोपाचं मूळ एवढंच होतं. त्यांच्या हयातीत ते ताट रिकामं जाऊ नये.

माझी नोकरी पाणी तपासण्याच्या खात्यातली. महिन्यातून एकदा मी काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती किती खोलवर दिसते ते लिहायचं. मग एक लांब वायर सोडून तळापर्यंत प्रत्येक मीटरवर पाण्याचं तापमान आणि त्यात विरघळलेली हवा मोजायची. वर्षातून एकदा तळाच्या गाळात पारदर्शक नळी खुपसून मीटरभर गाळ उभाच्या उभा वर काढायची. खात्याची होडी मोठी आणि आवाज करणारी होती. आंटींना तो आवाज सहन होत नसे. म्हणून त्यांनीच मला आपल्या होडीत घेतलं. मोबदल्यात मी दोर धरायचा आणि शिव्या खायच्या.

पहिल्या वर्षी काढलेली ती नळी मी काठावर लाकडी बाकावर आडवी ठेवली होती. गाळ बहुतेक काळपट, पण मध्येच दोन बोटं जाड फिकट करडे पट्टे. प्रत्येक पट्टा म्हणजे एकेक मोठा पाऊस. डोंगराची माती एका दमात खाली येते, तळाशी बसते, आणि मग वर्षानुवर्षं तिच्यावर नेहमीचा काळा गाळ साठत राहतो. मी हे समजावून सांगत होते, तोवर आंटींचं बोट एका पट्ट्यावर टेकलं होतं.

"हा कुठला?"

"साधारण पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा."

"साधारण कशाला? माझा तुरेई रांगत होता. स्वयंपाकघरात पाणी आलं म्हणून त्याला मी भांड्यांच्या फळीवर बसवलं होतं. तिथून त्याने माझी चांगली किटली खाली ढकलली." बोट खाली सरकलं. "आणि हा जाड? हा आई सांगायची तो. पलीकडच्या डोंगरावरचं रान तोडून टॅनहिलच्या आजाने मेंढ्या घातल्या, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा."

मी प्रयोगशाळेत दोन महिने घालवून त्या पट्ट्यांची वर्षं काढली. दोन्ही बरोबर होती.

ही झाली ओळख. आता फेब्रुवारीतलं सांगते.

इकडे दक्षिण गोलार्धात तेव्हा ऐन उन्हाळा असतो. तळ्याचं वरचं पाणी कोमट, खालचं थंड, आणि दोन्हींची भेट नाही. उन्हाळ्यात ते असंच असतं. हलकं गरम पाणी झाकणासारखं वर बसतं आणि वाऱ्याने घुसळलेली हवा खाली पोचत नाही. भारे तळाशी होते, दहाच्या दहा. पुढच्या आठवड्यात आंटी ते काढणार होत्या. मग चक्रीवादळ आलं. सोमवारी दुपारी पाऊस सुरू झाला तो बुधवारी सकाळी थांबला. मराएच्या अंगणातलं पर्जन्यमापक मंगळवारी संध्याकाळीच भरून वाहिलं, त्यामुळे किती पडला ते आम्हाला नक्की कधीच कळणार नाही.

बुधवारी पलीकडचा डोंगर ओळखू येईना. कुणीतरी नखांनी ओरबाडून काढावा तसा. हिरव्या कुरणात जागोजाग पिवळे ओरखडे, आणि प्रत्येक ओरखड्याच्या पायथ्याशी ओढ्यात ढासळलेली माती. तळं कॉफीच्या रंगाचं झालं होतं. त्यावर कुंपणाचे खांब, गवताचे गठ्ठे, पाइनची झाडं आणि फुगलेल्या मेंढ्या तरंगत होत्या.

त्या डोंगरावर मेंढ्या पाळणारा डेस टॅनहिलही त्याच पाण्यात कुठेतरी होता. मंगळवारी दुपारी कुंपण कापून मेंढ्यांना वर हाकलायला तो ओढ्यापाशी गेला होता. त्याची गाडी मिळाली, एक बूट मिळाला. आंटी आणि डेस बावीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्याच्या मेंढ्या ओढ्यात उतरतात आणि ओढ्याची घाण तळ्यात येते, यावरून कधीतरी रस्त्यावर जोरात वाजलं होतं. त्यानंतर शाळेच्या बसमध्ये त्याच्या नातीला आंटी रोज चढवायच्या-उतरवायच्या, पण फाटकाशी उभ्या असलेल्या आजोबाकडे बघायच्या नाहीत.

बुधवारी दुपारी आंटींचे थोरले भाऊ होहेपा, ज्यांना सगळे कोरो म्हणजे आजोबा म्हणतात, काठी टेकत पाण्याशी आले. त्यांनी प्रार्थना म्हटली आणि राहुई लावली. तळ्यात माणूस गेला की तळं बंद. मासा नाही, कोउरा नाही, बदकाचं अंडं नाही. तो मिळेपर्यंत आणि त्याच्यासाठी पाणी पुन्हा मोकळं करेपर्यंत. शोधणाऱ्यांच्या होड्या तेवढ्या जाणार. तो माणूस आमचा की परका हे राहुई विचारत नाही.

आंटी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या दोरांच्या पाचही तरंगत्या खुणा दिसत होत्या. मातकट पाण्यात पाच पांढरे डबे.

मी कोरोंकडे गेले. तळाशी काय चाललंय ते मला मोजायचं होतं. असा पूर पुन्हा केव्हा येईल सांगता येत नाही आणि खात्यातून सारखे फोन येत होते. पण पाणी बंद होतं.

"काय सोडणार आहेस?" कोरोंनी विचारलं.

"एक वायर. तिच्या टोकाला यंत्र."

"ते काही खातं का?"

"नाही."

"काही बाहेर आणतं?"

"आकडे फक्त."

कोरोंनी थोडा विचार केला, वायरवर हात ठेवून दोन ओळी पुटपुटले आणि म्हणाले, "जा. धक्क्यावरून सोड, होडी घेऊ नकोस. आणि आत माणूस आहे हे ध्यानात ठेव. मोठ्याने हसू नकोस."

हे आंटींनी ऐकलं होतं. कोरोंची बायको पिरिहिरा चहाचे कप गोळा करत होती. तिने ऐकलं होतं. मी ऐकलं होतं. पुढे जे झालं त्यात हीच गोष्ट मला सारखी आठवते.

आमच्या धक्क्याखाली कडा थेट खोल उतरतो. भाऱ्यांइतकीच खोली तिथेही मिळते. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, खालची हवा एका लिटरमागे सहा पूर्णांक आठ मिलिग्रॅम होती. मला आश्चर्य वाटलं, पण त्यात नवल नव्हतं. पुराचं पाणी थंड आणि मातीने जड, ते वरच्या कोमट पाण्याखालून सरळ तळाशी घरंगळत गेलं आणि जाताना स्वतःची हवा घेऊन गेलं. पण त्याच्याबरोबर गवत गेलं, शेण गेलं, पाला गेला, मेंढ्या गेल्या. आता हे सगळं तळाशी कुजणार होतं, आणि कुजायला हवा लागते.

रविवारी तीन पूर्णांक नऊ.

आंटी धक्क्यावर माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. हातात पावाची पिशवी. मराएवर शोधपथकातल्या चाळीस माणसांचा स्वयंपाक चालला होता.

"खाली किती?"

मी आकडा सांगितला.

"कमी आहे?"

"कमी आहे. परवा जवळजवळ दुप्पट होतं."

"कोउराला किती लागतं?"

"पाचाखाली ते बेचैन होतात. दोनाखाली..."

त्यांनी त्या पाच डब्यांकडे पाहिलं.

"आंटी, भारे वर काढता येतील का? खायला नको. नुसते काढायचे आणि उथळ पाण्यात सोडून द्यायचे. तिथे हवा आहे."

"पाण्यात माणूस आहे, पोरी."

"पण कोरोंना विचारून..."

"तुला पाओरा माहीत आहे?"

मला माहीत नव्हता. कुणी त्याचं नाव काढत नसे.

"माझा चुलतभाऊ. भारे बांधण्यात माझ्याहून चांगला. एकदा इथे एक लहान मूल गेलं, राहुई लागली. पाचव्या दिवशी पाओराने आपला एक दोर वर घेतला. म्हणाला, नुसता बघत होतो, दोर कुजला की काय. बादलीत सात कोउरा होते. मी ती बादली सगळ्यांसमोर रस्त्यावर उपडी केली. म्हटलं, त्या पोराच्या आईला दे शिजवून. अठ्ठावीस वर्षांची होते मी. जीभ कारखान्यातल्या सुरीसारखी." त्यांनी पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्याच आठवड्यात तो ब्रिस्बेनला गेला. तिथेच मेला. आता मी कुठल्या तोंडाने होहेपाला जाऊन विचारू, की माझा दोर वर घेऊ का?"

"हे वेगळं आहे."

"त्यालाही वेगळंच वाटलं होतं."

मी तापमानाचा थर, घनता, कुजण्याचा वेग असं बरंच काही बोलले. मला वाटलं, शास्त्र नीट सांगितलं की माणूस आपोआप योग्य ते करतो. आज वाटतं, एकच वाक्य बोलायला हवं होतं. 'उद्यापर्यंत जगतील, परवा नाही.' ते मी बोलले नाही, कारण मला त्याची खात्री नव्हती, आणि खात्री नसताना आकडा सांगू नये असं मला शिकवलं होतं.

मागून पिरिहिराची हाक आली. "कराराइना! पाव आणायला गेलीस की गहू पेरायला? इथे माणसं कोरडं सूप पितायत!"

"सूप कोरडं कसं असतं गं?" आंटी ओरडल्या.

"तू केलेलं असतं!"

धक्क्यावर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

मंगळवारी एक पूर्णांक चार. गुरुवारी शून्य पूर्णांक दोन, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. वायर वर आली तेव्हा तिला सडक्या अंड्याचा वास होता. तबकडी मी सोडलीच नाही. पाण्यात मनगटापर्यंत हात घातला तर बोटं दिसत नव्हती. आंटी त्या दिवसांत धक्क्यावर आल्या नाहीत. स्वयंपाकघरात त्यांनी मला आकडा विचारला नाही आणि मी सांगितला नाही. एकदा त्या बटाटे सोलता सोलता आपल्याशीच म्हणाल्या, "तळाला झरे आहेत. आई सांगायची. थंड झरे." पिरिहिराने माझ्याकडे पाहिलं. मी बटाट्यांकडे पाहिलं. झरे आहेत, पण पलीकडच्या टोकाला.

डेस अकराव्या दिवशी, शनिवारी सापडला. ओढ्याच्या मुखाशी नव्याने साचलेल्या गाळात. पाणबुड्यांना काही दिसत नव्हतं. ते हातांनी चाचपत होते. त्याच्या बायकोला, डोरीनला, आंटींनीच हात धरून पाण्यापर्यंत नेलं. ती म्हणाली, "त्याच्यासाठी तू तळं बंद ठेवलंस. तो तुला नेहमी म्हातारी वाम म्हणायचा."

"मी त्याला काय म्हणायचे ते आज नाही सांगत," आंटी म्हणाल्या.

सोमवारी पहाटे कोरोंनी राहुई उठवली. प्रार्थना संपली तशा आंटी वळल्या आणि चालत होडीकडे गेल्या. सत्तरी ओलांडलेली बाई जितकी भरभर चालू शकते तितक्या भरभर. मी मागे धावले.

पहिला दोर मी धरला. हाताला ओळखीचं वजनच लागेना. खाली कुणी हिसका देत नव्हतं, पण भारा जणू तळाला शिवलेला होता. दोघींनी मिळून ओढला. मऊ गाळातून पाय निघावा तसा तो सुटला आणि मग सावकाश येऊ लागला, ओल्या मेंढीइतका जड. आंटींनी सवयीने दोर दातांत धरला, सूप पुढे केलं. गरज नव्हती. काही निसटणार नव्हतं.

भारा करडा होता. नेच्याचं एकेक पान लिंपल्यासारखं. आंटींनी तो होडीत घेतला आणि बोटांनी उकलला.

आत कोउरा होते. एकावर एक, नांग्यांत नांग्या, इतके दाटलेले की पाला कमी आणि तेच जास्त. मोठे, लहान, नखाएवढे. शेपटीखाली अंडी धरलेल्या माद्या. काहींची नुसती कवचं उरली होती. काही अजून अख्खे होते, उचलले तर जिवंत वाटावेत असे. एकही हलत नव्हता.

आंटी मोजू लागल्या. मी म्हटलं, नका मोजू. त्या मोजतच राहिल्या. पहिल्या भाऱ्यात एकतीस. दुसऱ्यात सव्वीस. तिसऱ्यात चव्वेचाळीस, आईच्या भाऱ्याहून चार जास्त. दहाही भारे वर येईपर्यंत सूर्य डोक्यावर आला. दोनशे सत्त्याऐंशी. आईच्या काळानंतर त्यांनी एवढे कोउरा एका दिवशी पाहिले नव्हते. तळ्यात एवढे आहेत हेच त्यांना माहीत नव्हतं, मलाही नाही. गाळ यायला लागला तसे ते सगळीकडून आडोशाला आले होते, आणि त्या उघड्या तळावर आडोसा म्हणजे आंटींचे दहा भारे.

 काठाला आल्यावर आंटींनी फावडं घेतलं आणि आईच्या जुन्या घराच्या जोत्याजवळ खड्डा केला. भारेही त्यातच टाकले. दोर तेवढे धुऊन ठेवले.

कोरो संध्याकाळी आले. पिरिहिराने त्यांना सांगितलं असणार. खड्ड्याच्या ओल्या मातीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"मला विचारलं का नाहीस?"

"राहुई होती."

"राहुई मीच लावली होती. या पोरीने विचारलं. तिला मी जाऊ दिलं की नाही?"

"तिचं यंत्र खात नाही."

"तूही खाणार नव्हतीस."

"मग काय म्हणाला असतास?" आंटींचा आवाज चिरका झाला. "हो म्हणाला असतास?"

 कोरो हो म्हणाले असते तर आंटींना ते जन्मभर पुरलं असतं, आणि नाही म्हणाले असते तर निदान सुटका झाली असती.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "कुणी विचारलंच नाही. त्यामुळे मी त्यावर विचारच केला नाही."

"तुम्ही दोघं भावंडं ना," पिरिहिरा म्हणाली, "घराला आग लागली तरी आधी तू बोल, आधी तू बोल करत बसाल." पण तिच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती, आणि ती आंटींच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

एप्रिलमध्ये तळं हिरवं झालं. तळाला हवा नसली की गाळ आपल्यात धरून ठेवलेलं खत पाण्यात सोडतो. थंडी सुरू झाली, वरचं पाणी जड होऊन खाली गेलं, खालचं वर आलं, आणि ते सगळं खत उजेडात पोचलं. विषारी हिरव्या शेवाळाचा साईसारखा थर धक्क्याशी जमला. ते पाणी पिऊन दोन कुत्री मेली. खात्याने पाटी लावली. पाटी मीच ठोकली.

जुलैमध्ये किनाऱ्यावरचे पाहुणे ठरल्याप्रमाणे आले, शिंपल्यांची पोती घेऊन. आमच्या टेबलावर मटण होतं, भोपळा होता, रताळी होती, तळलेला पाव होता. पाहुण्यांतल्या थोरल्या बाईने टेबलावरून एकदा नजर फिरवली, आणि मग काहीच न शोधल्यासारखं जेवायला लागली. जेवताना ती तीनदा म्हणाली, "रताळी फार गोड आहेत." तिला सगळं माहीत होतं. आंटी आत भांडी घासत राहिल्या, पाहुणे जाईपर्यंत. पाहुण्यांचा पदार्थ पोत्यांनी आला होता, आमचा ताटात नव्हता.

त्या हिवाळ्यात मी आंटींच्या होडीतून तळ्याच्या तीन जागी रात्रभर सापळे ठेवले, यंत्राने बनवलेले, आत मासळी टाकलेले. तिसऱ्या महिन्यात एकात एक कोउरा आला. बोटाच्या पेराएवढा. मी धावत आंटींच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून त्याला पाहिलं.

"एक," त्या म्हणाल्या.

"म्हणजे अजून असतील."

"एकाने काय होतं, पोरी? लग्न कुणाशी लावायचं त्याचं?" पण त्यांनी स्वतः जाऊन त्याला झऱ्यांच्या बाजूला सोडलं. त्यानंतर कुठल्याच सापळ्यात काही आलं नाही.

वसंत आला. नेचा कापायचे दिवस आले आणि गेले. डोंगरावर नेचा खूप माजला होता. दरडींच्या उघड्या मातीवर तर सगळ्यात आधी तोच उगवला. आंटींनी कोयता काढला नाही. मी विचारलं नाही.

परवा मी वर्षाची नळी काढली. गाळ वर आला, नळी मी त्याच लाकडी बाकावर ठेवली. सगळ्यात वर, काळ्या गाळाच्या डोक्यावर, अकरा सेंटीमीटरचा फिकट करडा पट्टा. आमच्याकडच्या सगळ्या नळ्यांतला सगळ्यात जाड. त्याच्यावर अजून काही साठलेलं नाही, फक्त केसाएवढी हिरवट रेघ.

आंटी आल्या आणि बाकाच्या टोकाशी बसल्या. बराच वेळ त्यांनी पट्ट्याला बोट लावलं नाही. मग लावलं, खालच्या कडेला.

"हा सोमवार?"

"सोमवार, मंगळवार. खालची जाड माती आधी बसली. वरची बारीक नंतर, आठवडाभर."

बोट हळूहळू वर सरकलं. "मग रविवार इथे कुठेतरी."

"तसं सांगता येत नाही, आंटी. यात वर्षं दिसतात. दिवस नाही दिसत."

"नाही दिसत," त्या म्हणाल्या. बोट तिथेच होतं.

"विचारायला हवं होतं हे मला कळलंय," त्या म्हणाल्या. "ते माझं मी बघेन. पाओरा भेटेल तेव्हा त्याच्याशी बोलेन. मला दुसरंच विचारायचंय. तुला पुस्तकातलं येतं म्हणून." त्यांनी मान वर केली नाही. "हवा संपायला लागली की कोउरा चालत वर येतात, काठाकडे. मी पाहिलंय, लहानपणी, एका उन्हाळ्यात. रांगेने येतात. या वेळी कुणीही आला नाही. सगळे माझ्या भाऱ्यांत बसून राहिले. मी खाली काही ठेवलंच नसतं, लपायला काहीच नसतं, तर ते चालत आले असते का?"